द्यूतशाळेची परिभाषा उलगडणारे महामहोपाध्याय

नारायण पेठ, पुणे : लोकमान्य टिळकांचे वास्तव्य असलेला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, ही नारायण पेठेची ओळख. मंडालेच्या तुरुंगात लिहून झालेले लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले आणि गीतेचा दहावा अध्याय मराठी वाचकाने नव्याने वाचला. त्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना छल करणाऱ्यांमधील द्यूत म्हणजे मीच, असे सांगितले आहे. भाविक वाचक येथे क्षणभर अडखळतो. कारण त्याच परंपरेतील मनूने द्यूताला उघड चोरीच्या पंक्तीस बसवले असून, राजाने ते आपल्या राज्यातून समूळ काढून टाकावे अशी आज्ञा केली आहे. मग शास्त्राचे मत कोणते मानायचे? या प्रश्नाचे उत्तर वादविवादातून न शोधता स्मृती, सूत्रे, टीका आणि निबंधग्रंथ यांच्या हजारो पानांतून शोधणारा एक वकील त्या काळी मुंबईत गिरगावात राहत होता. त्यांचे नाव पांडुरंग वामन काणे.

महामहोपाध्याय काणे यांची ख्याती धर्मशास्त्राचे इतिहासकार म्हणून जगभर पसरली. संस्कार, श्राद्ध, दत्तकविधान, तीर्थयात्रा या विषयांसाठी त्यांचा ग्रंथ आजही उघडला जातो. त्याच ग्रंथात द्यूतगृहाचा मालक, त्याचा हिस्सा, फाशांची फसवेगिरी, हरलेल्याकडून करायची वसुली आणि राजाचा कर यांचीही शिस्तवार मांडणी आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आजच्या सट्टाबाजाराच्या आणि कॅसिनोच्या शब्दांनी गोंधळून जाणाऱ्या वाचकाला हे प्रकरण ओळखीचे वाटेल.

काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणजवळ परशुराम-पेढे येथे झाला. घराणे वैदिकांचे, वडील वामनराव दापोलीस वकिली करीत. वेदविद्या आणि कायदा हे दोन्ही वारसे मुलाकडे घरातूनच आले. दापोलीच्या मिशन शाळेतून १८९७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आले. १९०१ मध्ये संस्कृतातील भाऊ दाजी पारितोषिकासह बी. ए. आणि १९०३ मध्ये एम. ए. या पदव्या त्यांनी मिळवल्या. पुढे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात आणि नंतर मुंबईत त्यांनी शिक्षकी केली. नोकरीत ज्येष्ठता डावलली गेल्याची बोच मनात घेऊन त्यांनी १९११ मध्ये सरकारी चाकरी सोडली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, संसार पाठीशी आणि पोटाच्या व्रणाचा जुनाट विकार सोबतीला असताना घेतलेला हा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे. पुढच्याच वर्षी ते एलएल. एम. झाले. १९१७ ते १९२३ या काळात सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले.

या वकिलीनेच त्यांना धर्मशास्त्राच्या मुळाशी नेले. सतराव्या शतकात काशीस राहून ग्रंथरचना करणारे नीलकंठ भट्ट हे मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातले. त्यांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात या भागांत हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ मानला जाई व न्यायालयात त्याचे दाखले दिले जात. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये सिद्ध केली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्र वाङ्मयाचा थोडक्यात इतिहास द्यावा, एवढाच त्यांचा मूळ संकल्प होता. प्रस्तावना मावेना म्हणून स्वतंत्र पुस्तक, पुस्तक मावेना म्हणून खंड, असे होता होता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या बत्तीस वर्षांत त्या इतिहासाचे पाच खंड प्रसिद्ध केले. पानांची संख्या साडेसहा हजारांच्या घरात गेली. नारायण पेठेतून लकडी पूल ओलांडून डेक्कनकडे गेले की थोड्याच अंतरावर ही संस्था लागते.

स्मृतिकारांनी न्यायालयात येणाऱ्या वादांचे अठरा वर्ग केले होते. कर्ज, ठेव, भागीदारी, सीमावाद अशी ती यादी. मनूच्या यादीत तिचा शेवट 'द्यूत' आणि 'समाह्वय' या विषयाने होतो. १९४६ मध्ये आलेला काणे यांचा तिसरा खंड राजधर्म व व्यवहार यांना वाहिलेला आहे आणि हा विषय त्यातलाच. दोन्ही शब्द एका दमात उच्चारले जात असले तरी शास्त्राने त्यांत काटेकोर भेद केला. फासे, कवड्या, शलाका अशा निर्जीव साधनांनी पण लावून खेळले तर ते द्यूत. सजीवांच्या झुंजीवर वा शर्यतीवर पण लावला तर तो समाह्वय. 'मिताक्षरा' या टीकेत समाह्वयाची उदाहरणे म्हणून मल्ल, मेंढे आणि रेडे यांची नावे येतात. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील जोडीवर पैसे लावणे हे या परिभाषेत समाह्वयच. क्रिकेटच्या सामन्यावर लागणारी पैज आणि कॅसिनोतील फिरते चक्र यांत आजचा कायदेपंडित जो फरक करतो, त्याची रेषा स्मृतिकारांनी अशी आधीच आखून ठेवली होती. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत चौतिसाव्या क्रमांकावर पैजा आणि जुगार हे दोन शब्द जोडीनेच आले आहेत.

बाकीचे शब्दही असेच अर्थपूर्ण. खेळणारा तो 'कितव'. डावावर लावलेली रक्कम 'ग्लह' किंवा 'पण'. मराठीतील पणाला लावणे हा वाक्प्रचार याच शब्दाचा वंशज. वैदिक काळी बेहड्याची फळे फाशांसारखी वापरीत आणि दानांना कृत, त्रेता, द्वापर, कली अशी नावे होती. चाराने नि:शेष भाग जाईल ते कृत, सर्वांत भाग्यवान. एक उरेल तो कली, हरणाऱ्याचे दान. ही नावे पुढे युगांना मिळाली. कलियुग हा शब्द उठता-बसता वापरणाऱ्या समाजाला तो जुगाराच्या पटावरून आला आहे याची जाणीव नसते. शब्दाचा हा प्रवास काणे यांनी युगकल्पनेच्या विवेचनात वैदिक आधारांसह तपासला आहे.

या साऱ्यात मध्यवर्ती पात्र म्हणजे 'सभिक', द्यूतगृहाचा चालक. खेळाला जागा आणि साधने पुरवणे, जेत्याला त्याचे पैसे मिळवून देणे आणि राजाला ठरलेला भाग पोचवणे ही त्याची कामे. त्याचा मोबदला किती असावा, याविषयी मात्र शास्त्रात एकवाक्यता नाही. याज्ञवल्क्याच्या वचनात शंभराला पाच आणि शंभराला दहा असे दोन दर आहेत. 'मिताक्षरा' त्याचा अर्थ असा लावते की, पण शंभर किंवा त्याहून अधिक असेल तेथे पाच टक्के आणि त्याहून कमी असेल तेथे दहा टक्के. नारदस्मृतीत सरसकट दहा टक्के सांगितले आहेत. सभिक स्वतः डावात उतरत नाही, केवळ हिस्सा कापतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे. पोकरच्या टेबलावर चालक जो 'रेक' काढतो त्याचा हा थेट पूर्वज म्हणता येईल. रुलेटसारख्या खेळात जुगारगृह स्वतःच प्रतिस्पर्धी असते. तो प्रकार वेगळा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात दहा सुवर्ण हरलेल्या संवाहकाच्या मागे माथुर नावाचा सभिक हात धुऊन लागतो. गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाच्या मुळातील तो प्रसंग विनोदी खरा, पण माथुराची ती धावपळ सभिकाच्या वसुलीच्या हक्काला धरूनच आहे.

काणे विद्यार्थिदशेत असताना कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' विद्वानांना केवळ नावाने ठाऊक होते. १९०९ मध्ये म्हैसूरच्या शामशास्त्रींनी ते छापून प्रसिद्ध केले आणि चित्र पालटले. कौटिल्याने द्यूतासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमला आहे. खेळ एकाच ठरलेल्या जागी व्हावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत, ते कोणी बदलल्यास पुन्हा दंड, आणि जिंकलेल्या रकमेतून पाच टक्क्यांखेरीज साधनांचे भाडे, पाणी, जागा व परवाना यांचेही पैसे घ्यावेत, इतक्या बारकाव्याची ही व्यवस्था आहे. कपटाने खेळणाऱ्याची जिंकलेली रक्कमही काढून घ्यायची. याज्ञवल्क्याने असा एकमुखी कारभार ठेवण्याचे कारणही दिले आहे : चोर ओळखता यावेत. चोरीचा पैसा जुगाराच्या अड्ड्यावर येतो, हे पोलिसी ज्ञान तेव्हाही होते! नारदाने तर फसवणाऱ्याच्या गळ्यात फाशांची माळ घालून त्याला सभेबाहेर हाकलण्यास सांगितले आहे.

कात्यायनाची मूळ स्मृती काळाच्या ओघात लुप्त झाली होती. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली तिची व्यवहारविषयक वचने काणे यांनी एकत्र करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात द्यूताविषयीची वचनेही आली. कात्यायन प्रथम द्यूताला क्रोध आणि लोभ वाढवणारे म्हणून दूर ठेवायला सांगतो. परंतु ते चालणारच असेल तर उघडपणे चालावे, दारावर तोरण असावे, म्हणजे सज्जनांची गफलत होणार नाही, आणि त्यावर कर घ्यावा, असा व्यवहारी तोडगाही तोच देतो. लपूनछपून चालणाऱ्या अड्ड्यापेक्षा दारावर खूण असलेले घर बरे, हा विचार एका हरवलेल्या ग्रंथातून काणे यांच्या चिकाटीमुळे पुन्हा उजेडात राहिला.

येथेच काणे यांच्या कामाचे खरे मोल दिसते. मनू बंदी सांगतो. याज्ञवल्क्य, नारद व कौटिल्य नियंत्रण आणि कर सांगतात. बृहस्पती या दोन्ही पक्षांची नोंद घेतो. मनूची बंदी सत्य, शुचिता व धन यांच्या नाशाच्या भयाने आली, इतरांनी राजाचा भाग ठरवून अनुज्ञा दिली, असा तो खुलासा करतो. सनातनी पंडित असता तर काणे यांनी मनूचे एक वचन पुढे करून विषय मिटवला असता. सुधारकी आवेशात असते तर उलट वचन उचलले असते. त्यांनी दोहोंपैकी काहीच केले नाही. प्रत्येक मत कोणाचे, कोठले आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ कसा लावला, हे त्यांनी संदर्भासह एकापुढे एक ठेवले. हा अलिप्तपणा वाचकाला कधी कोरडा वाटतो, हेही खरे. परंतु शास्त्राच्या नावाने सोयीचे तेवढे सांगण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

ते ज्या न्यायालयात उभे राहत, तेथे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू होता. जुगारअड्डा चालवणे हा त्यात गुन्हा, तर केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले. १९५३ ते १९५९ या काळात काणे राज्यसभेचे राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होते आणि त्याच काळात, १९५५ मध्ये, संसदेने बक्षीस स्पर्धांवर मर्यादा घालणारा कायदा केला. त्या कायद्याला आव्हान देणारे आणि मुंबई राज्याच्या कराविरुद्धचे अशी चमारबागवाला यांची प्रकरणे १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजली. मुंबईच्या करप्रकरणातील निकालपत्रात जुगाराचा इतिहास तपासताना ऋग्वेदातील अक्षसूक्त, मनू, याज्ञवल्क्य आणि बृहस्पती यांचा परामर्श घेतला गेला. स्मृतींतील दुभंग असा स्वतंत्र भारताच्या न्यायालयापर्यंत पोचला.

तो दुभंग पुढेही मिटलेला नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाना व कर यांची चौकट देणारा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्याने त्याच १९७६ सालच्या आपल्या कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. एका राज्यात मनू, दुसऱ्यात याज्ञवल्क्य!

मानसन्मान काणे यांच्याकडे चालत आले. १९४२ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, इतिहासाच्या चौथ्या खंडासाठी १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि १९६३ मध्ये भारतरत्न. त्या वर्षी हा सन्मान त्यांच्यासह डॉ. झाकिर हुसेन यांना मिळाला. गिरगावातील आंग्रेवाडीतील त्यांच्या साध्या राहणीत मात्र फरक पडला नाही.

अखेरच्या, पाचव्या खंडात व्रते आणि उत्सव यांचे विवेचन करताना द्यूत पुन्हा त्यांच्यापुढे आले, पण या वेळी सणाच्या वेशात. बलिप्रतिपदेच्या सकाळी शंकर-पार्वती द्यूत खेळले, त्यात पार्वती जिंकली, म्हणून त्या दिवशी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखाचे जाते, अशी पुराणकथा आहे. दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या घरांना ही कथा ठाऊक असो वा नसो, प्रथा तीच. वर्षभर निषिद्ध असलेली गोष्ट एका सकाळी मंगल कशी ठरते, याचे आधार काणे यांनी नेहमीच्या पद्धतीने नोंदवले. १९६२ मध्ये त्या खंडाचा शेवटचा भाग छापून झाला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. तरीही लेखणी खाली ठेवली नाही. पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती हाती घेतली आणि तिचा पहिला भाग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या आवृत्तीचा उरलेला भाग त्यांच्या पश्चात भांडारकर संस्थेने छापून पूर्ण केला.