पाण्याला वाट दाखविणारा माणूस : जेम्स ब्रिंडली
(द्वितीय वर्ष कला)

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धरण, पाट, उसाचे रान आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे उभी राहतात. इंग्लंडातील कालवे मात्र शेतीसाठी खणलेले नव्हेत. ते खणले गेले मालवाहतुकीसाठी. आज त्यांवरून कोळसा किंवा चिनी मातीची भांडी जात नाहीत, तर सुट्टीवर निघालेली कुटुंबे जातात. लांबलचक, अरुंद, रंगीबेरंगी बोट भाड्याने घ्यायची, आतच स्वयंपाक करायचा, आतच झोपायचे आणि माणसाच्या चालीने चार-आठ दिवस पाण्यावरून हिंडायचे, अशी ही सुट्टी असते.

स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातील एट्रूरिया येथून निघून फ्रॉगहॉलपर्यंत जाणारा कॅल्डन कालवा अशा सहलींसाठी नावाजलेला आहे. त्याची लांबी सुमारे १७ मैल, आणि वाटेत १७ लॉक. १९६० नंतरच्या काही वर्षांत तो गाळाने व झाडोऱ्याने भरून जवळजवळ मेला होता. कालवाप्रेमी मंडळींनी १९६३ साली संस्था काढली, चिखलात उतरून गाळ उपसला, सरकारी खात्याचा पिच्छा पुरविला आणि १९७४ साली तो पुन्हा खुला झाला. मी इंग्लंड पाहिलेले नाही. ग्रंथालयातील नकाशावर बोट फिरविणे हाच माझा बोटीचा प्रवास! पण या प्रवासात एक माणूस मला पुनःपुन्हा भेटत राहिला. एट्रूरियाला, जेथे सहल सुरू होते, तेथे त्याचा पुतळा आहे. आणि याच कालव्याची मोजणी करताना त्याचा मृत्यू ओढवला. त्याचे नाव जेम्स ब्रिंडली.

ब्रिंडलीचा जन्म इ. स. १७१६ मध्ये डर्बीशायर परगण्यातील टनस्टेड या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण त्याला जवळजवळ मिळालेच नाही. वाचणे-लिहिणे जेमतेम. पुढे तो मोठा इंजिनिअर झाला, तरी त्याच्या टिपणवहीतील शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहिलेले असत. वयाच्या सतराव्या वर्षी, १७३३ मध्ये, मॅक्लस्फील्डजवळच्या सटन गावी अब्राहम बेनेट नावाच्या कारागिराकडे तो उमेदवारीला लागला. बेनेट पाणचक्क्या बांधणारा व दुरुस्त करणारा होता. सुतारकाम, लोहारकाम, पाण्याचा जोर आणि चाकाची गती या सर्वांची जाण या धंद्यात लागे.

सुरुवातीला हा पोरगा मठ्ठ समजला जाई. पण एका प्रसंगाने त्याचे नाव झाले, असे सांगतात. बेनेटने कागदाच्या गिरणीचे काम घेतले होते. तसली गिरणी मँचेस्टरजवळ होती. ती तो पाहूनही आला, पण काम काही जमेना. तेव्हा ब्रिंडली एका शनिवारी संध्याकाळी काम आटोपून कोणाला न सांगता पायी निघाला, ती गिरणी नीट पाहिली, आणि रविवारी पायीच परत आला. जाऊन-येऊन पन्नासएक मैल! कागदावर एक रेघही न ओढता सारे यंत्र डोक्यात साठवून त्याने आणले आणि सोमवारी कामाला हात घातला. ही गोष्ट सांगोवांगीची असेल. पण त्याचा सारा स्वभाव तिच्यात उतरला आहे.

१७४२ साली ब्रिंडलीने लीक या गावी स्वतःचे दुकान थाटले. लीकमध्ये त्याने १७५२ मध्ये बांधलेली धान्याची पाणचक्की आजही उभी असून तिचे संग्रहालय केलेले आहे. त्याच सुमारास मँचेस्टरजवळच्या एका कोळशाच्या खाणीत पाणी भरून काम बंद पडले होते. ब्रिंडलीने नदीचे पाणी खडकातून बोगदा पाडून, नदीच्या पात्राखालून नेऊन, एका मोठ्या चाकावर सोडले आणि त्या चाकाने पंप चालवून खाण कोरडी केली. पाण्यानेच पाणी काढले! मोठ्या मोठ्या लोकांच्या कानावर त्याचे नाव जाऊ लागले ते अशा कामांमुळे.

त्या काळचे इंग्लंडातील रस्ते म्हणजे पावसाळ्यातील आपल्या गाडीवाटाच. माल घोड्याच्या पाठीवरून जाई आणि एक घोडा फार तर सव्वाशे किलो ओझे वाही. तोच घोडा काठावरून चालत बोट ओढू लागला तर वीस-पंचवीस टन माल सहज नेतो. हा हिशेब ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या तरुण सरदाराने ओळखला होता. वर्स्ली येथे त्याच्या कोळशाच्या खाणी होत्या आणि कोळसा मँचेस्टरला न्यायचा होता. १७५९ मध्ये पार्लमेंटने परवानगी दिली. ड्यूकचा कारभारी जॉन गिल्बर्ट याने ब्रिंडलीला बोलावून घेतले. त्या वेळी ब्रिंडलीचे वय ४३ होते आणि तोवर त्याने एकही कालवा बांधलेला नव्हता.

वाटेत अर्वेल नदी आडवी होती. खाली उतरून नदी ओलांडावी तर दोन्ही बाजूंना लॉकचा जिना बांधावा लागणार. लॉक म्हणजे दोन दारांमधील हौद. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून वरचे पाणी आत सोडायचे. पाण्याबरोबर बोट वर चढते, मग पुढचे दार उघडायचे. युक्ती नामी, पण प्रत्येक वेळी हौदभर पाणी आणि बराच वेळ खर्च होतो. म्हणून ठरले असे, की नदीवर कमानींचा पूल बांधायचा आणि त्यावरून कालवाच न्यायचा! नदीतून जहाजे जातील आणि त्यांच्या डोक्यावरून, सुमारे चाळीस फूट उंचीवरून, दुसऱ्या बोटी जातील. ही कल्पना ऐकून जाणते लोक हसले.

पाणी गळू नये म्हणून ब्रिंडली चिकणमाती वापरीत असे. आपल्याकडे भिंतीसाठी गारा तुडवितात, तशी वाळू-पाणी मिसळून ती माती तुडवायची आणि थरावर थर देऊन कालव्याचा तळ व काठ लिंपायचे. पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने माती आणून, तिथेच मळून, तिची पन्हळ करून तीत पाणी ओतून दाखविले. आणि पुलाचा नमुना त्याने चीजच्या मोठ्या गोळ्यातून कापून तयार केला होता, असे सांगतात. बोलण्यात तो हरला असता. म्हणून त्याने वस्तूच पुढे ठेवली. मला हा त्याच्या चरित्रातील सर्वांत हुशारीचा भाग वाटतो.

१७ जुलै १७६१ रोजी बार्टनचा जलसेतू खुला झाला. पहिल्यांदा पाणी सोडण्याच्या वेळी ब्रिंडलीचा धीर सुटला, तो जवळच्या खानावळीत जाऊन अंथरुणात पडून राहिला आणि प्रत्यक्ष काम गिल्बर्टने निभावले, अशीही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, या कालव्याचे श्रेय एकट्या ब्रिंडलीचे नाही, गिल्बर्टचा वाटा फार मोठा होता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. एवढे मात्र खरे, की पूल पडला नाही आणि मँचेस्टरला कोळशाची किंमत निम्म्यावर आली. थंडीच्या देशात कोळसा निम्म्या किमतीत मिळणे म्हणजे गरिबाच्या घरी चूल पेटणे होय.

यानंतर ब्रिंडलीला क्षणाची उसंत राहिली नाही. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणारा सुमारे ९३ मैलांचा कालवा हे त्याचे सर्वांत मोठे स्वप्न. प्रसिद्ध कुंभार-कारखानदार जोसाया वेजवुड याने १७६६ साली त्याची पहिली कुदळ मारली. फुटक्या रस्त्यांवरून फुटकी भांडी पोचत, तेव्हा वेजवुडला या कालव्याची गरज किती होती ते सांगायला नको. पुढे त्याने आपला एट्रूरियाचा कारखानाच या कालव्याच्या काठी उभारला. वाटेतील हेअरकॅसलच्या डोंगरातून २,८८० यार्डांचा बोगदा खणावयाचा होता. त्याला अकरा वर्षे लागली. बोगदा इतका अरुंद, की घोड्यांना वाटच नव्हती. घोडे डोंगरावरून पलीकडे नेत आणि माणसे बोटीवर उताणे पडून भिंतींना पायांनी रेटा देत बोट पुढे ढकलीत. आपण ज्याला प्रगती म्हणतो तिच्या पोटात असे पायही असतात, हे विसरू नये.

ब्रिंडलीची पद्धत साधी होती. पाण्याशी भांडायचे नाही. जमिनीची एकच पातळी धरून, डोंगराला वळसा घालीत कालवा न्यायचा; वाट लांबली तरी चालेल. त्यामुळे त्याचे कालवे नागमोडी असतात. त्याच्या या कालव्यांवरील लॉकची रुंदी सात फुटांच्या आसपास असे. यात खर्च वाचला, पाणीही वाचले. पण रेल्वे आल्यावर हेच अरुंदपण कालव्यांच्या मुळावर आले. मोठ्या बोटी आत शिरेनात. मात्र गंमत अशी, की आज सुट्टीसाठी बांधलेली प्रत्येक अरुंद बोट ब्रिंडलीनेच ठरविलेल्या मापात बांधावी लागते.

अवघड प्रश्न आला की तो अंथरुणात जाऊन पडे. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस. उत्तर सापडले की उठे आणि थेट कामावर जाई. नकाशे-आराखडे तो फारसे करीत नसे. लंडनला एकदा लोकांनी त्याला नाटकाला नेले, तर त्याचे डोके इतके भणभणले, की पुढे कित्येक दिवस काम सुचेना. मग त्याने पुन्हा नाटकाचे नाव काढले नाही. १७६५ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने ॲन हेन्शॉल या एकोणीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. पण घरी राहण्यास त्याला सवड कोठे होती? सुमारे ३६५ मैलांच्या कालव्यांची आखणी त्याने केली, तीही घोड्यावरून रानोमाळ हिंडून.

१७७२ च्या सप्टेंबरात कॅल्डन शाखेची मोजणी करीत असता तो पावसात चिंब भिजला, ओल्या अंथरुणात झोपला आणि आजारी पडला. चार्ल्स डार्विनचे आजोबा डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनी त्याला तपासले, तेव्हा मधुमेह असल्याचे दिसून आले. २७ सप्टेंबर १७७२ रोजी टर्नहर्स्ट येथील घरी तो वारला. वय अवघे ५६. ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. तो त्याने पाहिला नाही. कॅल्डन कालवा १७७९ मध्ये सुरू झाला. तोही पाहिला नाही. ही कामे त्याचा मेहुणा ह्यू हेन्शॉल याने तडीस नेली.

कॅल्डन कालव्याला पाणी पुरविण्यासाठी पुढे रडयार्ड नावाचा तलाव बांधण्यात आला. त्या तलावाच्या काठी एक तरुण आणि एक तरुणी भेटली, त्यांचे लग्न झाले, आणि तो तरुण आपल्या मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकवावयास आला. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मुलाला त्यांनी त्या तलावाचे नाव दिले. तोच लेखक रडयार्ड किपलिंग. कुठले पाणी कुठे मुरते पहा!

ब्रिंडलीचे चरित्र वाचून कोणी म्हणेल, मग शाळा-कॉलेज हवे कशाला? मला तसे वाटत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांना सही करण्यापुरती अक्षरे येतात. पण नुसते रानात उभे राहून पाणी कोणत्या सरीतून चढेल आणि कोठे फुटेल हे ते अचूक सांगतात. ते कोणत्या पुस्तकात नाही. असे ज्ञान आमच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसांबरोबर सरणावर जात आले आहे. ब्रिंडलीच्या डोक्यातलेही पुष्कळसे त्याच्याबरोबर गेले. जे उरले ते हेन्शॉलसारखे शिकाऊ सहकारी जवळ होते म्हणून. हातातल्या ज्ञानाला अक्षरांची जोड हवी, आणि अक्षरांनी हातांपुढे नम्र राहावे, असे मला वाटते. आम्ही शिकलेल्या पोरांनी निदान घरातल्या अशा माणसांजवळ बसून विचारावे आणि लिहून ठेवावे.

ब्रिंडलीची समाधी न्यूचॅपल गावच्या चर्चच्या आवारात आहे. पण त्याचे खरे स्मारक पाण्यावर आहे. कॉन्सॉल फोर्जजवळ झाडीतून, चर्नेट नदीच्या काठाकाठाने एखादी बोट आजही संथ जात असेल. सुकाणूवर आई असेल, लॉकचे दार रेटायला मुले खाली उतरली असतील. शेवटी फ्रॉगहॉलचा ठेंगणा बोगदा येतो. बऱ्याच उंच बोटी त्यात मावत नाहीत, त्या अलीकडूनच वळून परत फिरतात. ज्या रानात ब्रिंडली भिजला, ते रान आसपासच आहे.