मूर्तिकार करमरकर

अलिबागच्या उत्तरेस, अगदी समुद्राला लागून, सासवणे नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गणपतीच्या मूर्ती घडवीत. ओल्या मातीला आकार कसा द्यावा, याचे पहिले पाठ विनायकाला घरातच मिळाले.

लहानपणी त्याने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. अधिकारी परका आणि चित्र शिवछत्रपतींचे! परंतु रॉथफील्ड गुणज्ञ होते. त्यांनी चित्रकाराचा शोध घेतला व त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने करमरकरांनी कलकत्त्यास शिल्पशाळा थाटली. १९२० साली ते लंडनला गेले व रॉयल अकादमीत शिकून परत आले.

जयसिंगपूरची पेठ वसविणारे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी पुण्यात शिवस्मारक उभारण्याचा संकल्प केला होता. १९२२ साली महाराज निवर्तले. पण संकल्प मागे पडला नाही. त्या स्मारकासाठी अश्वारूढ पुतळा घडविण्याचे काम करमरकरांकडे आले. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यांनी ओतून मग जोडतात. करमरकरांचा साडेतेरा फूट उंचीचा पुतळा मात्र ब्राँझमध्ये एकसंध ओतला गेला. तप्त रस मध्येच अडला असता, तर सारे श्रम वाया गेले असते. १९२८ साली पुतळ्याचे अनावरण झाले आणि करमरकरांची कीर्ती देशभर पसरली.

कीर्तीबरोबर थोरामोठ्यांचे पुतळे करण्याची कामेही आली. ती त्यांनी मनापासून केली. पण हमालाचा किंवा कोळ्याच्या पोरीचा पुतळा करवून घेण्यास कोण पैसे मोजणार? ब्राँझ महाग, आणि कच्ची माती तर वाळताच तडकते. करमरकरांनी यावर सोपी तोड काढली. घरबांधणीचे साधे सिमेंट त्यांनी हाती घेतले व आपल्या आवडीच्या अनेक मूर्ती त्यातच घडविल्या.

या मूर्तींत त्यांचे मन खरे रमले, असे म्हणावयास हरकत नाही. ‘मत्स्यगंधा’ ही त्यांची कोळीकन्या पाहावी. तिच्या अंगावर दागिन्यांचा भार नाही, की चेहऱ्यावर देवतेचा आव नाही. किनाऱ्यावर नित्य दिसणारी ती मुलगी आहे. आणि तरीही पाहणाऱ्याचे पाऊल तिच्यापुढे थबकते. ‘शंखध्वनी’ या शिल्पातील स्त्री शंख फुंकीत आहे. श्वास कोंडून धरल्यावर देह कसा ताठ होतो, ते त्या दगडासारख्या निश्चल आकारातही जाणवते. गोठ्यातील म्हशीकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. करमरकरांनी तीही घडविली, तीही घोड्याइतक्याच आदराने.

१३ जून १९६७ रोजी ते निधन पावले. त्यांच्या सासवण्याच्या घरी शिल्पसंग्रहालय झाले. राजे आणि पुढारी यांच्या शेजारी तेथे कोळीण, हमाल आणि मुकी जनावरे एकाच अंगणात नांदू लागली.