खाणीत उतरलेले बाबासाहेब

नाशिककरांना बाबासाहेब दोन तारखांनी ठाऊक आहेत. 2 मार्च 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची घोषणा. जयंतीच्या भाषणांत या दोन्ही गोष्टी येतात, यायलाच हव्यात. पण एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी पाहणाऱ्या आपल्या तरुणांना बाबासाहेबांचे आणखी एक काम माहीत असायला हवे. आपल्या काळ्या कातळाच्या जिल्ह्यात ना कोळसा निघतो, ना युरेनियम. ते खणणारी माणसे दूर असतात आणि म्हणून आपल्या चळवळीच्या बोलण्यात ती क्वचितच येतात.

येवल्यानंतर दहा महिन्यांनी, ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड याच पक्षातर्फे नाशिकमधून मुंबई विधिमंडळात गेले. 7 नोव्हेंबर 1938 ला मजुरांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला, त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभे राहिले. त्यांना केवळ एका समाजाचे पुढारी म्हणणाऱ्यांना हा इतिहास सोयीचा नाही.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध पेटले होते. कारखाने, रेल्वे, लष्कर सगळ्यांना कोळसा हवा होता आणि खाणीतले मजूर जास्त मजुरीच्या लष्करी बांधकामांवर निघून जात होते. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब धनबाद-झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले. अहवाल मागवून त्यांना भागवता आले असते, पण ते स्वतः सुमारे 400 फूट खाली उतरले. कोळसा कसा फोडतात, कसा भरतात ते पाहिले. मजुरांच्या वस्त्याही पाहिल्या.

जानेवारी 1944 च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे कर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, मुलांचे शिक्षण यांवर खर्च करायचा. ज्या मालावर देश चालतो त्यातला वाटा तो माल काढणाऱ्याला मिळाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. 1946 मध्ये अभ्रक खाणींसाठीही असाच निधी कायद्याने उभा राहिला. खाणीतल्या बाळंतिणींना मिळणाऱ्या भत्त्याच्या कायद्यातील संदिग्धता त्यांनी 1943 मध्येच दुरुस्ती करून काढली होती.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे, ती लपवून बाबासाहेब मोठे होत नाहीत. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावर 1937 पासून पूर्ण बंदी होती. युद्धाच्या कोळसाटंचाईत, 1943 मध्ये, सरकारने ती उठवली. देशविदेशातून टीका झाली आणि फेब्रुवारी 1944 मध्ये विधिमंडळात या निर्णयाचा बचाव करण्याची जबाबदारी मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांवर आली. निर्णय तात्पुरता आहे, हे त्यांनी बजावले. त्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी स्त्रीला मिळेल, ही अटही त्यांनी पुढे ठेवली. फेब्रुवारी 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली, तेव्हा तेच मजूरमंत्री होते. तरी अडीच वर्षे बाया खाली राबल्या, हेही खरेच.

पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानात संघसूचीच्या 6 व्या नोंदीत अणुऊर्जेसाठी लागणारी खनिजे आली आणि 55 व्या नोंदीत खाणीतील मजुरांचे नियमन व सुरक्षितता.

1951 मध्ये, बाबासाहेब हयात असतानाच, धनबादच्या दक्षिणेला सिंहभूममधील जादुगुडा येथे युरेनियम सापडले. खाण मात्र त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिथल्या एक टन दगडातून युरेनियम निघते जेमतेम अर्धा किलो. उरलेला सगळा दगड दळून, गाळ होऊन तलावांत साठतो आणि तलावांच्या कडेला संथाळ व हो आदिवासींची गावे आहेत. गावकरी अनेक वर्षे आजारांच्या तक्रारी करत आहेत, सरकारी कंपनी त्याचा किरणोत्साराशी संबंध नाकारते. 1974 च्या पोखरण चाचणीला आपल्या तथागतांचे हसरे नाव दिले गेले. पंचवीस वर्षांनी श्रीप्रकाश यांनी या गावांवर माहितीपट काढला, त्याच्या नावात मात्र बुद्ध रडतो आहे.