जॉन नाका

जॉन योशियो नाका (१६ ऑगस्ट १९१४ – १९ मे २००४) हे जपानी वंशाचे अमेरिकन बोन्साय कलावंत, शिक्षक व लेखक होते. जपानमधील घराण्यांत आणि रोपवाटिकांत गुरुमुखातून चालत आलेली ही विद्या इंग्रजी वाचकांसाठी पद्धतशीरपणे लिहून काढणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. 'गोशिन' हे त्यांनी घडवलेले अकरा जुनिपरांचे लघुवन जगातील सर्वाधिक प्रसिद्ध बोन्सायांपैकी एक मानले जाते. मात्र त्यांचे खरे महत्त्व त्यांच्या एका आग्रहात आहे. बोन्साय करणाऱ्याने जपानी झाडाची नक्कल न करता आपल्या मातीतील झाड निवडावे, असे ते आयुष्यभर शिकवत राहिले.

बालपण व जपानमधील वास्तव्य

नाका यांचा जन्म अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट लप्टन येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब जपानला परतले. तेथे आजोबांच्या सहवासात त्यांना बोन्सायची गोडी लागली. आजोबांनी नातवाला झाड वाढवण्याआधी झाड पाहायला शिकवले. खोड जमिनीतून कसे वर येते, जुन्या फांद्या भाराने कशा खाली झुकतात, मुळे माती कशी धरून ठेवतात, हे निरीक्षण नाका यांच्या पुढील सर्व लेखनाचा व रेखाटनांचा पाया ठरले.

१९३५ मध्ये ते कोलोरॅडोत परत आले. जन्माने अमेरिकन आणि वाढीने जपानी असलेल्या या तरुणाला लवकरच दोन्ही देशांमधील युद्ध पाहावे लागले. फेब्रुवारी १९४२ मधील अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. कोलोरॅडो त्या किनारी पट्ट्याबाहेर होते. या काळात किनाऱ्यावरील अनेक जपानी कुटुंबांच्या बागा व रोपवाटिका उजाड झाल्या. बोन्सायला रोज पाणी लागते, उन्हाळ्यात दोनदाही लागते, आणि घरचा माणूस वर्षानुवर्षे परागंदा झाला की कुंडीतले झाड वाचत नाही.

लॉस एंजेलिस

१९४६ मध्ये नाका पत्नी ॲलिस व तीन मुलांसह लॉस एंजेलिसला आले. छावण्यांतून परतलेली कुटुंबे तेथे नव्याने संसार मांडत होती. जपान हे शत्रुराष्ट्र असल्याची भावना ताजी असताना जपानी कलेचे उघडपणे नाव घेणेही सोपे नव्हते. अशा वातावरणात नोव्हेंबर १९५० मध्ये नाका यांनी काही मित्रांसह दक्षिण कॅलिफोर्नियात बोन्साय मंडळ स्थापन केले. हेच मंडळ पुढे 'कॅलिफोर्निया बोन्साय सोसायटी' म्हणून ओळखले जाऊ लागले.

जुन्या पिढीतील जाणकार आपली विद्या सहसा जपानी भाषेत आणि जपानी मंडळींतच ठेवत. नाका यांनी शिकवायला इंग्रजी निवडली आणि येईल त्याला शिष्य मानले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले त्या समाजातील माणसाने आपली परंपरा शेजाऱ्यांपुढे अशी मोकळी करावी, ही लहान गोष्ट नव्हती. शिष्याने आणलेले झाड ते सर्व बाजूंनी निरखत आणि कात्री हाती घेण्यापूर्वी ते झाड काही वर्षांनी कसे दिसेल याचे चित्र कागदावर काढून दाखवत. त्यांची ही रेखाचित्रे पुढे पुस्तकरूपाने संग्रहित झाली.

'बोन्साय टेक्निक्स' हा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. खोडाला व फांद्यांना तार गुंडाळून वळण देणे, मुळे छाटणे, माती बदलणे, कुंडीची निवड, झाडाची पुढची बाजू ठरवणे, निर्जीव फांदीची साल सोलून तिला वादळाने झोडपलेल्या लाकडाचे रूप देणे अशा क्रिया त्यांत चित्रांसह क्रमवार सांगितल्या आहेत. बोन्सायविषयी एक समज महाराष्ट्रातही दृढ आहे. झाडाला उपाशी ठेवून, त्याची मुळे तोडून खुजे करणे म्हणजे त्याचा छळ होय, असे अनेकांना वाटते. या ग्रंथांत सांगितलेली रीत मात्र वेगळी आहे. मुळांची छाटणी ठरावीक काळाने आणि योग्य ऋतूत केली जाते, जाड मुळांच्या जागी बारीक तंतुमुळांचे जाळे तयार होते आणि ताज्या मातीत झाड पुन्हा जोमाने फुटते. नीट निगा राखलेले बोन्साय काही शतकेही जगू शकते. उपासमार झालेले झाड इतके टिकत नाही.

देशी झाडांचा आग्रह

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात वाऱ्याने पिळवटलेले जुनिपर आढळतात. जपानी पाइन आणि मॅपल हेच बोन्सायचे आदर्श मानले जात असताना नाका यांनी या स्थानिक जुनिपरांकडे लक्ष वेधले. झाड बोन्सायसारखे दिसण्यापेक्षा बोन्साय झाडासारखे दिसले पाहिजे, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार सांगता येईल. त्याचा अर्थ असा की कलावंताने पुस्तकातील आकृतीऐवजी आपल्या परिसरातील वृद्ध वृक्ष डोळ्यांपुढे ठेवावा.

अध्यापनासाठी ते अनेक देशांत गेले. त्यांत ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांचाही समावेश होता. ऑस्ट्रेलियात बाहेरून झाडे आणण्यावर कडक निर्बंध असल्याने तेथील हौशी मंडळींना स्थानिक जातींकडे वळण्याचे आणखी एक कारण होते. पोर्ट जॅक्सन अंजीर, बँक्सिया, मेलालुका, टी-ट्री आणि सुरूच्या कुळातील झाडे तेथे कुंडीत घडवली जातात. यांतील पोर्ट जॅक्सन अंजीर हा वडाचा सगोत्र असून त्याचे फुगीर बुंधे आणि खडकाला विळखा घालणारी मुळे बोन्सायला विशेष अनुकूल ठरतात. याउलट बँक्सिया व तिच्या कुळातील झाडांना स्फुरदयुक्त खत मानवत नाही. जपानी झाडांसाठीचे खताचे वेळापत्रक त्यांना जसेच्या तसे लावल्यास ती दगावतात. देशी झाड घ्यायचे तर त्याचा स्वभाव नव्याने शिकावा लागतो, हे यातून दिसते. कॅनबेरा येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात २०१३ पासून असलेल्या बोन्साय संग्रहात परदेशी जातींबरोबर ऑस्ट्रेलियाची देशी झाडेही मांडलेली आहेत.

हेच तत्त्व महाराष्ट्रालाही लागू पडते. जपानी मॅपलला हिवाळ्यात जी कडक थंडी लागते, ती पुणे परिसरात मिळत नाही. वड, पिंपळ व उंबर मात्र जुन्या वाड्यांच्या भिंतींत आणि गडांच्या तटबंदीत मूठभर मातीवर वर्षानुवर्षे तग धरतात. त्यांची ही सवय बोन्सायच्या उथळ कुंडीला पूरक आहे. वडाच्या पारंब्या लहान आकारातही सुटू शकतात आणि तो जपानी पाइनसारखा न दिसता वडासारखाच दिसतो.

गोशिन

'गोशिन' या जपानी शब्दाचा अर्थ आत्म्याचा रक्षक असा होतो. या रचनेतील पहिली दोन झाडे नाका यांनी १९४८ मध्ये घडवायला घेतली. ती 'फोमिना' या प्रकारच्या जुनिपराची होती. जपानमधील एका देवस्थानाभोवतीच्या सुगी वृक्षांच्या वनावरून त्यांना या रचनेची कल्पना सुचली. मुळशी-मावळातील देवराया पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले उंच वृक्ष आणि त्यांखालचा गारवा दोन्हीकडे सारखाच आहे.

१९६४ मध्ये नाका यांनी निवडक झाडे प्रथम एका उथळ कुंडीत एकत्र लावली. त्या वेळी त्यांना सात नातवंडे होती, म्हणून झाडांची संख्या चारवरून सात करण्यात आली. पुढे नातवंडे अकरा झाली आणि झाडेही अकरा झाली. काम सोपे नव्हते. कुंडीतील पाण्याचा निचरा नीट न झाल्याने काही झाडे मेली आणि त्यांच्या जागी दुसरी लावावी लागली. सरळ, उंच खोडे, मधोमध सर्वांत मोठे झाड आणि शेंड्यांवरील पांढरे निर्जीव लाकूड यांमुळे पाहणाऱ्याला कुंडीचा विसर पडतो. मोजक्या झाडांतून दाट अरण्याचा भास होतो, कारण खोडांमधील अंतर कोठेही समान नाही.

१९८४ मध्ये नाका यांनी ही रचना नॅशनल बोन्साय फाउंडेशनला दान केली आणि ती वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवण्यात आली. तेथील संग्रहालयाची सुरुवात १९७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानकडून आलेल्या ५३ बोन्सायांनी झाली होती. त्या भेटीतील एक पांढरा पाइन १९४५ च्या हिरोशिमा अणुबाँबस्फोटातून वाचलेला होता, ही गोष्ट संग्रहालयाला २००१ मध्ये, देणाऱ्या यामाकी कुटुंबातील नातवांच्या भेटीत कळली. १९९० मध्ये तेथे उत्तर अमेरिकी बोन्सायांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले आणि त्याला नाका यांचे नाव देण्यात आले.

सन्मान व अखेर

जपानी संस्कृतीच्या प्रसाराबद्दल १९८५ मध्ये जपान सरकारने त्यांना 'ऑर्डर ऑफ द रायझिंग सन' हा सन्मान दिला. १९९२ मध्ये अमेरिकेतील पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय वारसा फेलोशिप त्यांना मिळाली. ज्या दोन देशांमधील युद्ध त्यांनी तरुणपणी पाहिले, त्या दोघांनीही त्यांचा असा गौरव केला. उतारवयातही त्यांचे शिकवणे चालू होते. १९ मे २००४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. गोशिनची छाटणी, तार बांधणी व मातीबदल ही कामे आता राष्ट्रीय वृक्षोद्यानातील जोपासक करतात.