वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

भारतभूमीत जन्मलेले पहिले कॅथलिक संत आमच्या वसईचे आहेत, ही आम्हां मराठी भाविकांसाठी परमेश्वराची मोठी कृपा आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई येथील कोकणकन्या. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते तरुणपणीच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे कार्य केले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती. परंतु ती पूर्ण झाली नाही. त्यांनी व्यापार सुरू केला व त्यात जमही बसवला. तरीही अंतःकरणातील हाक शमली नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

१५९३ साली संत पीटर बाप्टिस्ट यांच्यासमवेत ते दुभाषी या नात्याने पुन्हा जपानला गेले. फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांचे हे शिष्टमंडळ राज्यकर्ता हिदेयोशी याच्याकडे निघाले होते. पुढे क्योटो येथे त्यांनी मठ, मंदिर व रुग्णालय उभारले. मात्र १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून उद्भवलेल्या संशयाने छळाची आग भडकली. डिसेंबरमध्ये बंधू गोन्सालो व त्यांचे सोबती बंदिवान झाले. क्योटो येथे त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार केले. त्यांत सतरा जपानी प्रापंचिक होते आणि अवघ्या बारा वर्षांचा बाल लुईसही होता.

१६२७ साली त्यांना धन्य, तर ८ जून १८६२ रोजी परमगुरू पायस नववे यांनी संत घोषित केले. या सव्वीस रक्तसाक्ष्यांना समर्पित केलेल्या नागासाकीच्या ओउरा मंदिरात १८६५ साली पिढ्यान्‌पिढ्या लपून श्रद्धा जपणारे जपानी ख्रिस्ती प्रथमच प्रकट झाले. रक्तसाक्ष्यांचे रक्त वाया गेले नव्हते.

आमच्या संताने मिस्साबलिदान कधी अर्पण केले नाही, ग्रंथही लिहिला नाही. दुसऱ्यांचे शब्द परक्या लोकांपर्यंत पोहोचवणे, हीच त्यांची सेवा. एक दार बंद झाले म्हणून त्यांनी देवाची हाक खोटी मानली नाही. नकार पचवणाऱ्या आमच्या तरुणांनी व मागे राहून सेवा करणाऱ्या प्रत्येक प्रापंचिकाने हा आदर्श हृदयी धरावा. संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठी मध्यस्थी करोत.