गुलमर्गची स्की शाळा आणि जनरल थिमय्या

जनरल थिमय्या म्हटले की झोजी ला खिंडीतले रणगाडे आठवतात. ते बरोबरच आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवर त्याआधी जगात कोणी रणगाडे लढवले नव्हते. पण त्या लढाईनंतर महिन्याभरात त्यांनी आणखी एक काम केले, आणि पुस्तकांमध्ये ते एका ओळीत उरकले जाते. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी गुलमर्गला आपल्या १९ इन्फंट्री डिव्हिजनसाठी एक स्की शाळा काढली. मला त्या एका ओळीबद्दल लिहायचे आहे.

माझे घर एच. डी. कोट्याला आहे. एका बाजूला कबिनीचे धरण, दुसऱ्या बाजूला नागरहोळेचे जंगल, आणि त्या जंगलापलीकडे कोडगू. कोडगूतल्या मडिकेरी गावात १९०६ साली कोदंडेरा सुबय्या थिमय्या यांचा जन्म झाला. त्यांचे ‘सनी साइड’ नावाचे घर आता संग्रहालय आहे. तिथे कॉफीचे मळे आहेत, धुके आहे, महिनोन् महिने कोसळणारा पाऊस आहे. बर्फ मात्र नाही. असा माणूस सैन्याला बर्फावर चालायला शिकवतो, याचे मला शेजारी म्हणून फार कौतुक वाटते.

त्यांचे शिक्षण कुन्नूर आणि बंगळूरच्या शाळांत आणि मग डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजात झाले, म्हणजे आपल्यासारखेच वसतिगृहात. तिथून सँडहर्स्ट, आणि १९२६ मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात त्यांनी १९ हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे नेतृत्व केले. त्यांच्या ५१ ब्रिगेडमधल्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख भारतीय होते. त्यांपैकी एक आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. कांगॉच्या लढाईत हे दोघे बरोबर होते आणि पुढेही एका गोठवणाऱ्या जागी ते पुन्हा बरोबर असणार होते.

मे १९४८ मध्ये थिमय्यांकडे काश्मीरची डिव्हिजन आली. तेव्हा लेह जवळजवळ तुटलेले होते. श्रीनगर ते लेह अंतर सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त, मध्ये झोजी ला, आणि तेव्हा गाडीरस्ता नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेजर पृथीचंद लाहौलच्या सुमारे चाळीस स्वयंसेवक जवानांना घेऊन पायी निघाले होते. हिवाळ्यात ही खिंड शहाणा माणूस ओलांडत नाही. त्यांनी पाठीवर सामान आणि लडाखी लोकांसाठी बंदुका घेऊन ती ओलांडली आणि मार्चमध्ये लेह गाठले. लाहौलची माणसे बर्फात वाढलेली असल्याने हे जमले, असे मला वाटते. मैदानातल्या तुकडीला तसेच पाठवले असते तर किती जण पोहोचले असते?

या चाळीस जणांवर लेह किती दिवस टिकणार? २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेहच्या वाळूच्या धावपट्टीवर उतरवले. वैमानिकाशेजारी खुद्द थिमय्या होते. त्या उंचीवर त्याआधी तिथे कोणी विमान उतरवले नव्हते. डिव्हिजनच्या प्रमुखाने असल्या पहिल्या फेरीत बसावे का, यावर आमच्या डॉर्मिटरीत एकदा बराच वाद झाला. माझे मत असे की बसावे, कारण त्यानंतर जवानांना त्याच विमानात चढायला सांगताना फार बोलावे लागत नाही.

त्या उन्हाळ्यात कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेले आणि झोजी लाही अडली. सप्टेंबरात पायदळाने केलेले हल्ले कड्यांवरच्या मशीनगनपुढे फसले. मग थिमय्यांनी रणगाडे मागवले. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून बुरूज काढून, ताडपत्रीखाली झाकून आणले गेले. मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खिंडीत चढणारी खेचरांची वाट रणगाड्यांपुरती रुंद केली. बर्फामुळे तारीख पुढे ढकलावी लागली. अखेर १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे खिंडीत शिरले आणि पुढच्या रणगाड्यांपैकी एकात थिमय्या होते. नोव्हेंबरच्या मध्याला द्रास आणि २४ तारखेला कारगिल परत मिळाले. लेह वाचले.

इथे बहुतेक लेख संपतात. पण खिंड जिंकली म्हणजे काय झाले? पुढे पूर्ण हिवाळा होता. आता त्याच डोंगरांत चौक्या ठेवायच्या, एकीकडून दुसरीकडे शिधा न्यायचा, आजारी जवानाला खाली आणायचे. रणगाडा तिथे काही कामाचा नाही. त्या मोहिमेत थंडीने हातापायांची बोटे काळी पडलेले जवानही थिमय्यांनी पाहिले होते. शाळेची कल्पना त्यातूनच आली असावी.

स्कीचा उपयोग मला आमच्या धरणावर समजला. उन्हाळ्यात कबिनीचे पाणी मागे सरते तेव्हा काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. त्यावर लांब फळी टाकली तर माणूस तिच्यावरून चालत जातो, कारण वजन पसरते. ताज्या बर्फाचे तसेच आहे, फक्त तिथे पाय मांडीपर्यंत रुततो. स्की म्हणजे पायाला बांधलेली तीच फळी. चढताना तिच्या तळाला एका दिशेने झुकलेल्या केसांची पट्टी लावतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. मांजराच्या पाठीवरून हात सुलटा फिरवला तर सरकतो आणि उलटा फिरवला तर अडतो, तशी ही पट्टी पुढे सरकते आणि मागे घसरू देत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी ठेवतात. माथ्यावर पोहोचल्यावर पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचे. सिनेमात फक्त हा उतार दाखवतात. खरे काम चढाचे असते: पाठीवर तंबू, स्टोव्ह, शिधा आणि हत्यार, आणि नुसते डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायलाच कित्येक दिवस. शिवाय कुठला उतार हिमस्खलनाने सुटेल हे ओळखायचे, आणि ऊन चढून बर्फ सैल व्हायच्या आत धोक्याची जागा ओलांडायची. हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी उतार हवा आणि शिकवणारा हवा. गुलमर्गला उतार होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ पासून तिथे स्की क्लब चालवला होता, पण तो हौसेचा खेळ होता. थिमय्यांनी त्याच उतारांवर जवान आणले.

पाच वर्षांनी थंडी पुन्हा वाट्याला आली. कोरियातल्या युद्धानंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा प्रश्न भारताकडे सोपवला गेला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. कोरियातला तो हिवाळा तंबूत काढायचा आणि चिडलेल्या कैद्यांवर शक्यतो गोळी न चालवता त्यांना आवरायचे, हे काम मला झोजी लापेक्षा सोपे वाटत नाही. त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

१९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरूंनी समजावल्यावर मागे घेतला. मागे घ्यायला नको होता, असे अनेक जण लिहितात. मला नक्की ठरवता येत नाही. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले.

एप्रिल १९६२ मध्ये गुलमर्गच्या शाळेचा दर्जा वाढवून तिला हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल हे नाव मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत चिनी सैन्यासमोर उभे होते. हे वाचताना मला राग येतो. बर्फात काय लागते हे सैन्यातल्या एका शाळेला चौदा वर्षे माहीत होते, आणि तरीही ते त्या जवानांच्या अंगापायांपर्यंत पोहोचले नव्हते.

पुढे मात्र शाळेने आपले काम दाखवले. १९७८ मध्ये तिचे प्रमुख कर्नल नरेंद्र कुमार यांनी सियाचिन हिमनदीवर मोहीम नेली. पर्वतावर पायाची बोटे गमावलेला हा माणूस सत्तर किलोमीटरहून लांब असलेल्या त्या हिमनदीवर गेला, आणि त्यांनी आणलेली माहिती १९८४ मध्ये आपली फौज तिथे चढली तेव्हा उपयोगी पडली. आजही ही शाळा हिवाळ्यात गुलमर्गला स्की आणि बर्फातली लढाई शिकवते, आणि उन्हाळ्यात सोनमर्गला कडे चढायला. सोनमर्गवरूनच झोजी लाची वाट वर जाते.

थिमय्यांनी हे काही पाहिले नाही. १९६४ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून सायप्रसला गेले. १८ डिसेंबर १९६५ रोजी तिथेच, कामावर असताना, त्यांचे निधन झाले. त्यांना बंगळूरला आणून दफन केले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.