अबोल देहाची साक्ष

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झालेल्या या पुरुषास योगी म्हणून सारेच ओळखतात. परंतु देहाच्या अबोल व्यापारांना मोजमापाने बोलते करणारा संशोधक, ही त्यांची ओळख अधिक मोलाची आहे.

बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींचे शिष्यत्व पत्करले. गुरूवरील श्रद्धा अढळ असूनही, शरीराविषयीचे विधान केवळ गुरुमुखातून आले म्हणून ते मान्य करीत नसत. साधकास अंतरी काही घडल्याचे जाणवत असेल तर देहावर त्याची खूण सापडलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यापोटीच बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची परीक्षा आरंभिली. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले व ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिकही निघाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवून दिले. पुढे योग महाविद्यालय व १९६१ साली रुग्णालय उभे राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

अतिदक्षता विभाग हा स्वामींच्या कार्याचा विषय नव्हता. तथापि त्यांची दृष्टी आज तेथेच सर्वाधिक निकडीची आहे. मावळातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर जखमी झालेला प्रवासी श्वसनयंत्रावर ठेवला जातो, तेव्हा घशातील नळीमुळे त्याची वाचाच बंद होते. तो स्वस्थ दिसतो म्हणून त्यास वेदना नाहीत, असे मानणे ही घोर चूक होय. केवळ नाडी वा रक्तदाब पाहूनही वेदनेचा निर्णय करता येत नाही. झोपेचे औषध म्हणजे वेदनाशमन नव्हे, याचाही विसर पडतो.

मग अबोल रुग्णाची वेदना ओळखावी कशी? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनपद्धतीत चेहऱ्यावरील भाव, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि श्वसनयंत्राशी जुळवून घेणे या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. आठपैकी बेरीज दोनहून अधिक झाल्यास वेदना आहे असे समजून उपाय योजावयाचे व पुन्हा मोजावयाचे. औषधाने स्नायू शिथिल केलेल्या रुग्णास मात्र हे माप लागू पडत नाही. तेथे वेदना असणारच असे गृहीत धरणे हेच शहाणपण. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही आधी वेदना शमवावी, मग गुंगीच्या औषधाचा विचार करावा, असा क्रम सुचविला आहे.

या मोजणीस महागडे यंत्र लागत नाही. लागते ती परिचारिकेची काही मिनिटे आणि तिला ती उसंत मिळावी इतके मनुष्यबळ. रुग्णालयांच्या खर्चात यंत्रांना पहिला मान आणि माणसांना शेवटचा, असा क्रम जोवर आहे तोवर ही मिनिटे दुर्मीळच राहणार. देहाची साक्ष काढल्याविना निर्णय देऊ नये, हा लोणावळ्याच्या त्या संशोधकाचा धडा आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाबतीत तो न गिरविणे म्हणजे वैद्यकातील उणीव नव्हे, तो अन्यायच होय.